तू घरमालकीण होतीस तोवर

आई, परवा तुझं तेरावं झालं. पानं उठली, पाहुणे पांगले, मंडपवाला बांबू सोडून घेऊन गेला. जाताना प्रत्येक बाई मला एकच सांगून गेली, चांगुणासारखी सासू मिळायला पुण्य लागतं. मी मान हलवत राहिले. तू ऐकलं असतंस तर पदर तोंडाला लावून हसली असतीस. तू कशी होतीस हे त्या बायांना ठाऊक नाही असं थोडंच आहे? पण आपल्या कोळीवाड्यात तेराव्याचं जेवण पचेपर्यंत मेल्या माणसाबद्दल वाईट बोलत नाहीत. माझं पचलं आहे, म्हणून आता बोलते.

आपल्या घरात कोणी कोणाला अहो-जाहो केलं नाही, त्यामुळे आताही तूच म्हणते. तू मला लता म्हणून कधी हाक मारली नाहीस. मी दहावी झालेली, म्हणून मी ‘मॅट्रिक’. ‘मॅट्रिक, पाटी उचल.’ ‘मॅट्रिक, बांगडं नासलं का ताजं, बुकात नाय लिवलेला काय?’ बाजारातल्या बायकांनाही तेच नाव माहीत झालं. लग्न होऊन कोपरहून ठाण्याला आले तेव्हा मला मासे कापायला येत नव्हते आणि तुझ्या दृष्टीनं तोच माझा पहिला गुन्हा होता.

दुसरा गुन्हा म्हणजे तुझ्या मुलाची बायको होणं. मोरेश्वर खोपटच्या एसटी डेपोत मेकॅनिक. अख्ख्या वाड्यात त्याच्यासारखा हाताचा कसबी नाही, बोलायला गोड, कोणाचा पंखा बंद पडला की मोऱ्याला बोलवा, कोणाच्या होडीचं मशीन अडलं की मोऱ्याला बोलवा. त्याच हातानं तो मला मारायचा. प्यायल्यावर मारायचा असं लोकांना सांगायला सोपं जायचं, म्हणून मी तसंच सांगायचे. खरं म्हणजे न पिताही मारायचा, आणि तेव्हा जास्त लागायचं, कारण नेम चुकत नसे.

आणि तू काय करायचीस? तू उठून दार ओढून घ्यायचीस आणि बाहेर ओट्यावर सुके बोंबील निवडत बसायचीस. कोणी विचारलंच तर सांगायचीस, ‘नवराबायको बोलतान.’ मी आतून ऐकायचे ना ते. त्याच्या हातापेक्षा तुझं ते ‘बोलतान’ मला जास्त झोंबायचं. तो मारून बाहेर पडला की तू आत यायचीस, माझ्याकडे बघायचीस आणि म्हणायचीस, ‘तोंड चालवायची काय गरज व्हती?’ आई, मी तुझा तेव्हा इतका राग केला आहे की त्यातला थोडा अजून शिल्लक आहे. तो मी तुझ्या चितेवर टाकला नाही. टाकवला नाही.

पहिल्यांदा चौकीवर गेले तेव्हा निशा पोटात होती. सावंत हवालदार टेबलाशी बसलेला. त्यानं मला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि मग विचारलं, ‘हाड मोडलंय का? रक्त आलंय?’

मी म्हटलं, ‘मुका मार आहे.’

‘मग एन.सी. होईल,’ तो म्हणाला. एन.सी. म्हणजे पोलिसांनी लिहून घ्यायचं आणि तपास करायचा नाही. ज्याला पुढे जायचं असेल त्यानं आपल्या पायानं कोर्टात जावं. मी म्हटलं, मला कोर्टात जायचं नाही, मला आज संध्याकाळी घरी जायचं आहे आणि तो घरात असणार आहे, तेवढं बघा.

‘घर कोणाचं?’

‘नवऱ्याचं.’ मला तेव्हा तेवढंच माहीत होतं.

‘मग बाई, माणसाला त्याच्याच घरातून मी कसा काढू? तुम्हाला हवं तर गाडीत घालून माहेरी पोचवतो.’

चांगला माणूस होता तो, आई. खोटं बोलत नव्हता. मार खाणारीला हलवण्याचा अधिकार त्याच्याकडे होता, मारणाऱ्याला हलवण्याचा नव्हता. त्यानं मला खरंच कोपरला पोचवलं. भावानं चार दिवस ठेवून घेतलं आणि पाचव्या दिवशी स्वतः आणून सोडलं. तुला म्हणाला, ‘आत्या, सांभालून घ्या.’ तू त्याला चहा दिलास. असं किती वेळा झालं ते मी मोजलं नाही. चौकी ठेवीना आणि माहेर घेईना, आई जेवू घालीना नि बाप भीक मागू देईना, तशातली गत. जमातीच्या पाटलाकडे गेले तर त्यानं सुपारी कातरता कातरता घरोघरी मातीच्या चुली ऐकवल्या. त्याच्या घरी गॅस होता.

मग तो नवा कायदा आल्याचं चौकीपर्यंत पोचलं. नवऱ्यानं छळलं तर पोलीस सरळ अटक करू शकतात, असं एका संस्थेच्या ताईंनी मला समजावून सांगितलं. मी धीर करून तक्रार दिली, सही केली. सावंत हवालदार स्वतः डेपोच्या फाटकाशी उभा राहिला आणि मोरेश्वरला घेऊन गेला. त्या दिवशी मी घरी पोटभर जेवले. तू माझ्याशी बोलत नव्हतीस तरी जेवले. मला वाटलं, संपलं.

दुसऱ्या दिवशी तो जामिनावर सुटला. सुटला तो कुठे जाणार? घरी आला. अटक हवालदाराच्या हातात, जामीन कोर्टाच्या हातात, आणि दोघांपैकी कोणीही त्याला सांगितलं नव्हतं की घरी जाऊ नकोस. कायदा त्याला उंबऱ्याबाहेर नेऊ शकत होता. बाहेर ठेवू शकत नव्हता. तू त्याला आंघोळीला गरम पाणी काढून दिलंस, सुरमईची मधली तुकडी वाढलीस आणि मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालीस, ‘पोर कोठडीन उपाशी व्हता.’

तो जेवला. हात धुतले. मग माझ्याकडे आला आणि अगदी शांतपणे विचारलं, ‘सही कंच्या हातानं केलीस?’

मी उजवा हात मागे घेतला, तेवढ्यावरून त्याला कळलं. वाटणाच्या पाट्याच्या कडेवर त्यानं माझं मनगट ठेवलं आणि वरून गुडघा दिला. यंत्राचा एखादा भाग सोडवावा तितक्याच बेतानं. मी ओरडले तेव्हा तू ओट्यावर होतीस. या वेळी तू आत आलीस. माझ्या हाताकडे बघितलंस, त्याच्याकडे बघितलंस. निशाला उचललंस आणि शेजारी नेऊन ठेवलंस.

सकाळी धक्क्यावरून माल घेऊन टेंपो आला तरी तू बाजारात गेली नाहीस. ओल्या पाटीसकट दारात उभी राहिलीस आणि म्हणालीस, ‘मॅट्रिक, चल.’ मला वाटलं इस्पितळात. हात रात्रीच प्लास्टरमध्ये गेला होता हे तुला माहीत होतं, तरी मला तसंच वाटलं. तू मला चौकीवर नेलंस.

पाटी तू हवालदाराच्या टेबलावर ठेवलीस. बर्फाचं पाणी त्याच्या कागदांवर उतरलं. तो काही बोलायच्या आत तू म्हणालीस, ‘माज्या घरान एक मानूस घुसतंय. भांडी फोडतंय. माज्या घरातल्या मानसांना मारतंय. त्याला भायेर काढ.’

‘आई, कोणाबद्दल बोलताय? मोरेश्वर तुमचा मुलगा ना?’

‘घर कोनाचा?’ तू विचारलंस. ‘माज्या बापानं मना दिल्लेला घर हाय. घरपट्टी माज्या नावाव येते. मी सांगतंय, तो माज्या घरान नको. मंग तो कोन हाय ते तू कशाला इचारतंस?’

मला तो क्षण नीट आठवतो, कारण सावंत हवालदाराचा चेहरा उजळला. बिचारा इतके दिवस माझ्यासाठी काहीतरी शोधत होता आणि सापडत नव्हतं. आता सापडलं. दुसऱ्याच्या घरात मालकाच्या मर्जीविरुद्ध घुसणं, या गुन्ह्यात अटक करायला त्याला कोणाची परवानगी लागत नव्हती. बाईचा हात मोडला तर हाडाचा फोटो, डॉक्टरचा दाखला, तारीख. घरमालकिणीनं बोट दाखवलं की गाडी लगेच. त्यानं मोरेश्वरला उचललं, शांतता राखायच्या हमीची चॅप्टर केस लावली, त्या घराकडे फिरकणार नाही असं लिहून घेतलं. मोरेश्वर तुझ्याकडे बघत होता. ‘आई,’ म्हणाला. नुसतं तेवढंच. तू पाटी उचलून डोक्यावर घेतलीस आणि बाहेर पडलीस.

रस्त्यात मी तुझे पाय धरायला वाकले. एका हातानं धड वाकताही येत नव्हतं. तू मला बाजूला सारलंस. ‘तुज्यासाठी नाय केला. हात मोडून बसलीस, आता पाटी कोन उचलंल? माजी मान काय दगडाची हाय?’

मला तेव्हा हसू आलं. वाटलं, ही अशीच बोलते, आतून मऊ असणार. आई, पुढची सगळी वर्षं मी ते आतलं मऊ शोधत राहिले. नारळ असता तर कधीतरी फुटला असता.

कारण तू मला वाचवलंस आणि मग रोज त्याची वसुली केलीस. शिमग्याला पोळ्या झाल्या की एक ताट त्याच्या नावानं वेगळं काढायचीस, झाकून ठेवायचीस, आणि दुसऱ्या दिवशी ते शिळं माझ्यापुढे सरकवायचीस. ‘खा. त्याच्या घासाव बसलीस, तर खा.’ नारळी पुनवेला वाड्यातले सगळे खाडीवर नारळ सोडायला जायचे, तू मला घरी ठेवायचीस. ‘जिच्या नवऱ्याचा पत्ता नाय तिनं काय मिरवायचा?’ पत्ता तूच नाहीसा केलेला. बाजारात गिऱ्हाइकासमोर सांगायचीस, ‘यी माजी सून. माजा पोर खाल्ला हिनं.’ गिऱ्हाईक पापलेटाचे डोळे बघता बघता माझेही बघायचं.

मी एकदा उलटून बोलले. म्हटलं, काढायला मी सांगितलं नव्हतं, तू काढलंस. तू कोयता थांबवलास. ‘मी आई हाय, मी काढीन. तू कोन?’ बस. आपलं भांडण नेहमी इथे येऊन थांबायचं आणि नेहमी तू जिंकायचीस.

हे सगळं खरं, आणि हेही खरं की त्याच काळात तू मला धंदा शिकवलास. कल्ला उघडून लाल बघायचा, पोटावर अंगठा दाबायचा, गिऱ्हाइकाचं तोंड नाही तर हात बघायचे, कारण घेणारं माणूस मासा उचलतंच. मी चुकले की बोटांवर कोयत्याची मूठ. दोन वर्षांनी तू मला बाजारातल्या तुझ्या ओट्यावर तुझ्या शेजारी बसवलंस आणि सबंध रांगेला ऐकू जाईल असं सांगितलंस, ‘उद्यापास्ना यी बी हितंच बसंल. कोनाला काय सांगायचा हाय?’ कोणाला काही सांगायचं नव्हतं. निशाच्या शाळेच्या सभेला तू जायचीस, मी नाही. तिथे जाऊन बाईंना दरडावायचीस, आमच्या पोरीला पुढच्या बाकावर बसवा म्हणून. मोरेश्वर मधूनमधून दारात यायचा तेव्हा तू ओट्यावर उभी राहून अशा शिव्या घालायचीस की वाड्यातली पोरं खेळ सोडून शिकायला जमायची. मग सावंत हवालदार यायचा. तो गेला की तू आत जाऊन पाठ करून झोपायचीस, आणि मी तुझ्याजवळ यायचं नाही हे मला कळायचं.

त्या घरात मी सुखाची झोप घेतली आहे, आई. हे मी कबूल करते. तुझ्या जिभेचे ओरखडे घेऊन का होईना, पण झोपले. हाडं अंगात राहिली.

तरी ती झोप माझी नव्हती, तुझी उसनी होती, हे मला कळलं ते तू वाड्याच्या पालखीबरोबर एकविरेच्या यात्रेला कार्ल्याला गेलीस तेव्हा. सकाळी तू गेलीस आणि दुपारी मोरेश्वर आला. त्याला कोणीतरी सांगितलंच असणार. दार वाजलं, मी खिडकीतून बघितलं आणि मागच्या दारानं निशाला घेऊन सुटले ती थेट चौकीवर. सावंत हवालदार होता. मला हायसं वाटलं.

‘म्हातारी कुठंय?’ त्यानं विचारलं.

‘कार्ल्याला.’

तो डोकं खाजवत बसला. ‘बाई, त्यानं लिहून दिलेल्याची मुदत केव्हाच संपली. आता नवी तक्रार तिची लागते. घर तिचं. तुम्ही सांगितलंत तर पुन्हा नवराबायकोचं भांडण होतं. तुम्हाला काही केलंय का त्यानं?’

‘नाही. मी पळाले ना.’

‘मग बसा इथं. ती येईतो बसा. इथं कोणी हात लावणार नाही.’

त्याच्या अधिकारात एक बाकडं होतं, ते त्यानं आम्हाला दिलं. चहा दिला, निशाला ग्लुकोज बिस्किटं दिली. आम्ही मायलेकी तिथे पाकीटमार आणि हरवलेल्या सायकली बघत बसून राहिलो. आपल्या घरात तो आपल्या चुलीवर चहा करून पीत होता. पोलीस दोन गल्ल्या पलीकडे होते आणि काहीही करू शकत नव्हते, कारण एक म्हातारी देवीला गेली होती. निशानं मला विचारलं, ‘आजी मेली तर आपण इथंच राहायचं?’ मी तिला गप्प बस म्हटलं. लहान होती, पण तिनं नेमकं विचारलं होतं.

तू दुसऱ्या दिवशी आलीस. कोणीतरी नाक्यावरच तुला सांगितलं असावं, कारण तू घरी न जाता चौकीवर आलीस. कपाळभर भंडारा, हातात प्रसादाची पिशवी. निशा धावत तुझ्या कमरेला बिलगली. तू माझ्याकडे बघून पहिलं वाक्य बोललीस ते असं, ‘घर उघडा टाकून आलीस?’

मग गेलीस आणि त्याला काढलंस. पण त्यानंतर मी तुझ्यामागे लागले. घर माझ्या नावावर नको, निशाच्या कर. तुझ्या रक्ताची आहे. वकील कोळीवाड्यातलाच होता, हाकेच्या अंतरावर. तू म्हणायचीस, ‘माज्या पोराचा घर त्याच्या बायकोच्या हातान देऊ? मेल्याव मना पानी तरी मिलंल काय?’ मी म्हणायचे, निशाच्या नावावर, माझ्या नाही. ‘निशा लगीन करून जाईल. मंग बसशील तूच.’ मी म्हणायचे, आणि तू गेल्यावर तो आला तर? तेव्हा तू नेहमी एकच उत्तर दिलंस. ‘मी हाय तवर हाय. मंग तुजा तू बघ.’

हा वाद आपण किती रंगवला. मासे कापताना, भात ओतताना, तुझ्या पायांना तेल लावताना. मला वाटायचं, आज ना उद्या ऐकेल. मला वाटायचं, माझ्याकडून सेवा करवून घेतेय, शेवटी करेल. तुझा मुलगा वाईट आहे हे तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. तू त्याला हाकलू शकत होतीस, पण त्याचं घर त्याच्याकडून घेऊ शकत नव्हतीस. घर त्याचंच होतं तुझ्या मनात, सगळा वेळ. तू फक्त त्याची राखण करत होतीस. मीही त्या राखणीतलंच एक भांडं होते की काय, हे मला तुला विचारायचं होतं आणि मी विचारलं नाही, कारण तू ‘हो’ म्हणाली असतीस.

मग तू पडलीस. पोटात पाणी झालं, डॉक्टरनं घरी न्यायला सांगितलं. मी तुझं सगळं केलं, ते सांगत नाही. मी केलं नसतं तर तूच खाटेवरून शिव्या घालून करवून घेतलं असतंस. शेवटी शेवटी तुझा आवाज बसला तरी ‘मॅट्रिक’ तेवढं स्पष्ट यायचं. एका सकाळी तू म्हणालीस, ‘मोऱ्याला बोलव.’

मी ऐकलं न ऐकलंसं केलं. तू पुन्हा म्हणालीस. मी म्हटलं, आई, त्याला बोलावलं की तो जाणार नाही. तुला माहीत आहे.

‘माज्या तोंडान पानी त्याच्या हातचा पायजे.’

‘मी देते ना पाणी. निशा देईल.’

‘तू?’ तू हसलीस. एवढ्या दुखण्यात हसलीस. ‘तू नाय गेलीस तर मी अशीच जाईन. पाप तुज्या डोक्याव ठेवून जाईन.’

कोणाला पाठवायचं? वाड्यात त्याचं नाव घ्यायची सोय नव्हती. मीच गेले. विठ्ठलवाडीला स्टेशनच्या मागच्या चाळीत तो राहत होता. दारात उभी राहिले तर तो स्टोव्ह दुरुस्त करत बसलेला. केस पिकलेले, गाल बसलेले. माझ्याकडे बघून उठला नाही. ‘म्हातारीनं बोलावलंय का तू आलीस?’ मी म्हटलं, तिनं. त्यानं हात पुसले आणि शर्ट घातला. ठाण्याला उतरल्यावर आम्ही रस्त्याच्या दोन कडांनी चाललो. ज्याला आत येऊ द्यायचं नाही म्हणून तू इतकी वर्षं ओट्यावर उभी राहिलीस, त्याला मी स्वतः जाऊन घेऊन आले, तुझ्या हुकमानं.

तू त्याला बघितलंस. तुझा हात वर आला आणि त्याच्या गालावर फिरला. ‘आला माजा बाला,’ तू म्हणालीस. आई, तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. तो तुझ्याकडे होता हेच मला माहीत नव्हतं. मी शोधत होते ते मऊ होतं तर. सगळंच्या सगळं होतं, जपून ठेवलेलं, आणि माझ्यासाठी त्यातलं चिमूटभरही नव्हतं. त्यानं पाणी घातलं. तू गेलीस. मी पायाशी उभी होते, तू माझ्याकडे बघितलं नाहीस. मला राग आला नाही, वाईट वाटलं. लहान पोरीला वाटतं तसं वाटलं.

तेरा दिवस तो सुतकात होता. डोकं भादरलेलं, पांढरं धोतर, खाली मान. बायका म्हणाल्या, निवळला गो. पाटील म्हणाला, आता नांदा. सुंभ जळतो, पीळ जात नाही, हे त्याच माणसानं मला एकदा दुसऱ्याच्या मुलाबद्दल सांगितलं होतं.

परवा मंडप गेला. पाहुणे गेल्यावर मोरेश्वरनं पाना-पेचकस काढला. तू आतल्या खोलीच्या दाराला आतून जाड कडी बसवून घेतली होतीस, मी आणि निशा झोपायचो तिथे. त्यानं एकेक स्क्रू सोडवला, कडी काढली, स्क्रू मोजून खिशात ठेवले. निशा बघत होती. ‘घरातल्या घरान कडी कशाला?’ तो म्हणाला. आवाज चढवला नाही. हात उचलला नाही. माझं प्लास्टर निघून किती काळ झाला, तरी मनगट दुखायला लागलं.

मी चौकीवर गेले. सावंत हवालदार केव्हाच निवृत्त होऊन गावी गेला. नवा साहेब तरुण आहे, मला ‘ताई’ म्हणाला. मी सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, ‘ताई, घर त्यांच्या आईचं, म्हणजे आता त्यांचं. त्यांनी त्यांच्या घरातली कडी काढली. यात मी काय लिहू? मारलंय का?’

‘अजून नाही.’

‘मारलं तर या. लगेच या, मी बघतो.’

‘मारायच्या आधी यायची काही सोय आहे का?’

त्याला वाईट वाटलं असावं. पेन खाली ठेवलं त्यानं. ‘तशी सोय नाही ताई.’

मी घरी येऊन निशाचं दप्तर भरलं, दोन पातळं घेतली, माझा कोयता घेतला. मोरेश्वर ओट्यावर बसला होता. त्यानं अडवलं नाही. ‘जातंस तर जा,’ म्हणाला, ‘कोपरवाले किती दिवस ठेवतील ते बघू.’ त्याला अनुभव आहे. तुझा फोटो हार घालून भिंतीवर लावलेला आहे, तो मी तिथेच सोडला. तुझा मुलगा, तुझं घर, तिथे तू हवीस. तुला तेच हवं होतं.

आता कोपरला भावाच्या घरी जाळी ठेवायच्या खोलीत आहोत. तुझ्या जागेवर बाजारात बसायला मी इथून रोज ठाण्याला येणार आहे. ती जागा तू चारचौघींत दिलेली आहेस, तिला घरपट्टी नाही, ती मोरेश्वरला घेता येणार नाही. भाऊ किती दिवस ठेवेल माहीत नाही. मी तुला माफ केलेलं नाही. तू मला तुझ्या जिवाएवढीच सोय ठेवलीस आणि जाताना त्याला मलाच आणायला लावून तीही बुडवलीस.

पण एक सांगते. तू गेल्यापासून वाड्यात माझी चर्चा चालली होती, सून एक टिपूस काढत नाही म्हणून. काढणार कसं? तेरा दिवस मी त्या घरात कान देऊन होते, तो कुठल्या खोलीत आहे, पाऊल कुठे वाजतं, ताट कसं ठेवलं. डोळ्यांत पाणी आणायला जरा बेसावध व्हावं लागतं. काल संध्याकाळी भावानं इथल्या दाराबाहेरून विचारलं, ‘आतून लावलंस ना गो?’ मी लावलं होतं. निशा झोपली. मग मी जाळ्यांच्या ढिगावर बसून तुझ्यासाठी रडले, आई, तोंडात पदर कोंबून, फार रडले. त्यासाठी मला तुझं घर सोडावं लागलं.